भामरागडचे चुकलेले लॉगिन

आल्लापल्लीच्या बसस्टँडवर भामरागडची गाडी लागली की आधी रुमाल आत जातो, मग माणूस. मीही खिडकीतून रुमाल टाकला, धक्के खात आत शिरले आणि बघते तर माझ्या रुमालावर एक खोकं बसलेलं! शेजारी खोक्याचा मालक. चौकड्यांचा शर्ट, चष्मा, आणि दोन्ही हात खोक्यावर असे ठेवलेले, जणू आत देव आहे.

"हे उचला," मी म्हटलं. "इथी माझा रुमाल आहे."

"दिसला नाई जी... खाली ठेवलं तर दणके बसतीन. कॉम्प्युटरचं सामान आहे."

"मग सामानाचं तिकीट काढलं का?"

मागच्या बाया खुदकन हसल्या. त्यानं निमूट खोकं मांडीवर घेतलं. मी बसले आणि माझी पिशवी पायाशी ठेवली. पिशवीत सुकी मासोळी होती. आमचं घर गावच्या तलावातल्या मासोळीवर चालतं आणि सुट्टी संपवून निघालेल्या लेकीला माझी आई, ताराबाई, रिकाम्या हातानं पाठवील तर शपथ! पेरमिली येईस्तोवर त्या वासानं शेजाऱ्याची दशा बघण्यासारखी झाली होती.

"मॅडम... या पिशवीत काय आहे?"

"सामानच आहे. तुमच्या खोक्याले वास लागला तर सांगा."

तो हसला. हसताना चष्मा घसरला, पण हात रिकामे कुठं? नाक वर ओढून, गाल फुगवून तो चष्मा जागेवर आणायचा प्रयत्न करू लागला. मी खिडकीबाहेर सागाची झाडं बघत बसले, कारण आत बघितलं असतं तर मोठ्यानं हसले असते.

भामरागडला उतरल्यावर तो पुन्हा माझ्याकडंच आला. "वनोपज संस्थेचं केंद्र कुठी आहे जी? तिथल्या डिंपल मॅडमले भेटाचं आहे."

"लय खडूस आहे म्हनतात ती."

"कोन म्हनते?"

"मीच," मी म्हटलं आणि पुढं चालू लागले. मागून खोकं सांभाळत त्याची पावलं... एकदम भरभर.

त्याचं नाव प्रफुल. वरोऱ्याकडचा, घरी कापूस-सोयाबीनची शेती, नोकरी चंद्रपुरात आमच्याच संस्थेच्या मुख्य कार्यालयात. आमची संस्था गावोगावचा हिरडा, मोहफूल, चारोळी विकत घेते आणि पैसे थेट लोकांच्या खात्यात टाकते. ते टाकण्याचं काम माझं. मागं कुठल्याशा दुसऱ्या संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी बाहेरून घुसून लोकांची खातीच बदलून टाकली होती. तेव्हापासून आमच्या चंद्रपूरच्या साहेबांची झोप उडाली होती आणि म्हणून हा खोकेवाला केंद्र-केंद्र फिरत होता.

केंद्रात आम्ही तिघंच. मॅनेजर गुणवंतराव, ज्यांच्या मते कॉम्प्युटरलाही दुपारची झोप लागते. लालसूभाऊ शिपाई, पलीकडच्या पाड्यावरचे, दोन लेकरांचे बाप, केंद्राची चावी त्यांच्या कमरेला. आणि मी.

प्रफुलनं मशीन उघडलं आणि समजावून सांगायला लागला. कॉम्प्युटर स्वतःच सगळ्याची नोंद ठेवत असतो. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणी पेनड्राइव्ह लावला. आजवर ती नोंद इथंच पडून राहायची. आता एक छोटा प्रोग्राम ती उचलून चंद्रपूरला पाठवणार. तिथं सगळ्या केंद्रांच्या नोंदी एकत्र बघितल्या की कुठं काही वावगं चाललंय ते कळतं.

"म्हणजे चुगलखोर," मी म्हटलं.

"नाई जी... राखणदार म्हना."

"आनि नेटची लाईन गेली तर? इथी तर रोजच जाते."

"मंग तो थांबते. नोंदी जपून ठेवते, अन् लाईन आली की एकेक करून पाठवते. कितीक दिवस का लागेना. एकही सोडत नाई."

"बापरे! मानसापेक्षा बरा आहे."

"सगळीच मानसं तशी नसतात," तो स्क्रीनकडं बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

मी त्याला विचारलं, माझा पासवर्डही दिसणार का? तो म्हणाला, पासवर्ड कधीच लिहिला जात नाही, फक्त नाव. चुकीचं नाव टाकलं तरी तेच लिहिलं जातं. खरं-खोटं बघावं म्हणून मी लॉगिनच्या चौकटीत 'रावण' असं नाव टाकलं. मशीननं मला हाकललं आणि पुढच्या क्षणी त्याच्या लॅपटॉपवर ओळ उमटली — भामरागड, चुकलेलं लॉगिन, रावण.

"सीता टाकलं असतं तं काय बिघडलं असतं?" तो म्हणाला.

"सीतेले आत घेतलं असतं का?"

"मशीननं नसतं घेतलं..." तो पुढं काही बोलणार होता. तेवढ्यात गुणवंतराव चहा घेऊन आले आणि तीन कप टेबलावर ठेवून तिथंच बसून राहिले. चहा इतका गोड कधीच झाला नव्हता आणि इतका नकोसाही!

तो गेला, पण त्याचा फोन आला. आमच्या मशीनचं घड्याळ बिघडलं होतं. वीज गेली की ते कित्येक वर्षं मागं जायचं.

"मॅडम, तुमच्या भामरागडात अजून जुनंच साल चालू आहे," प्रफुल सांगत होता. "नोंद कितीबी खरी असली तरी वेळ चुकली की कामाची नाई. आधी काय झालं, मंग काय झालं, कसं समजन?"

"मंग काय करू?"

"रोज सकाळी मले विचारून वेळ लावत जा."

वेळ तर माझ्या मोबाईलमध्येही दिसत होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी रोज सकाळी फोन व्हायचा. आधी वेळ, मग पाऊस, मग त्याच्या डब्यात काय, माझ्या डब्यात काय. टॉवर नसला तर मी बाजाराच्या टेकाडावर चढून फोन लावायची. गुणवंतराव म्हणायचे, "पोरी, एका घड्याळासाठी एवढी चढन?" मी म्हणायची, "ड्युटी आहे काका."

आणि मग एका सकाळी तो म्हणाला, "आज मशीन उशिरा उघडलं जी? तब्येत बरी आहे ना?"

काळजीनंच विचारलं होतं त्यानं. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी केंद्राच्या दारात उभी, आणि दूर चंद्रपुरात बसलेल्या माणसाला माहीत की मी कधी आले!

"माझ्यावर नजर ठेवून राह्यले का तुमी?"

"तुमच्यावर नाई जी, मशीनवर..."

"मशीन मीच उघडते ना! मी कवा आली, कवा गेली, हे मी सांगन तर समजाचं. चोरून पाहाचं नाई."

तिकडून हळू आवाज आला, "बरोबर आहे तुमचं. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. सकाळी मी मोबाईल बघून घड्याळ लावायची आणि ते काम आता दोन क्षणांत उरकायचं. इतकं लवकर उरकतं म्हणून मला राग यायचा. भांडण मीच केलं होतं, बरोबरही मीच होते... तरी जेवणात चव नव्हती.

आठवडी बाजाराच्या दिवशी तो स्वतःच दारात उभा. हातात कागदाची पुडी. पुडीत बटणाएवढा एक सेल.

"घड्याळाचा सेल आहे," तो म्हणाला. "हा टाकला की वेळ जात नाई."

"हा सेल तर आल्लापल्लीत भेटते. पार्सलनंबी आला असता."

"आला असता..."

एवढंच बोलला आणि मशीन खोलायला बसला. बटणाएवढ्या वस्तूसाठी माणूस चंद्रपूरहून दोन बसगाड्या बदलून आला होता. मी लालसूभाऊंना सांगून त्याच्यासाठी मासोळीचं कालवण मागवलं. त्यानं घाम पुसत पुसत सगळं संपवलं.

संध्याकाळी आम्ही संगमाकडं चालत गेलो. पर्लकोटा आणि पामुलगौतम इथं इंद्रावतीला मिळतात. पाणी गढूळ, चढतं, आणि पलीकडच्या जंगलावर ढग टेकलेले. आम्ही दगडावर बसलो, मधे माझी छत्री ठेवून.

"पुन्याच्या एका कंपनीनं बोलावलं आहे," तो म्हणाला. "हेच काम, पगार जास्त. महिना संपायच्या आत हो का नाई ते कळवाचं आहे."

मी त्याच्याकडं वळले. "मंग?"

"चंद्रपूरच्या आमच्या मोठ्या मॅडम, रिना मॅडम म्हनतात, थांब, दोन्ही जिल्ह्यांचं काम तुझ्याकडेच देते. माझं मन इथीच आहे... पन..." त्यानं छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवलं. "डिंपल, थांबू का?"

पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं होतं. थांबा, एवढंच म्हणायचं होतं मला. पण आमच्या घरात मुलींना तोंड दिलंय ते भांडायला, मागायला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला...

"मले काऊन विचारता? तुमची नोकरी, तुमचं डोस्कं. मी कोन तुमची?"

तो उठला. मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाला, अगदी त्या दिवशीसारखंच. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेला.

आणि त्यानंतर पाऊस जो लागला, तो थांबेच ना. नाल्यांवरचे रपटे, म्हणजे बुटके पूल, बुडाले, पर्लकोटेचं पाणी बाजारात शिरलं, टॉवर बंद पडला. दरवर्षीचंच आहे हे. भामरागडची माणसं तांदूळ-मीठ-तेल भरून ठेवतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. मी तेवढी वाट बघू शकत नव्हते. महिना संपत आला होता. तिकडं एक माणूस मी काही बोलले नाही म्हणून पुण्याला हो म्हणणार होता.

गुडघे धरले म्हणून गुणवंतराव घरीच होते आणि केंद्राला पुराची सुट्टी लागली होती. माझी खोली मागच्याच आळीत. मी लालसूभाऊंना म्हटलं, दार उघडा, मेल लागतो का बघते. उंचावर असल्यानं केंद्र कोरडं होतं, सौर पाट्यांवर मशीन चालत होतं, छपरावरच्या डिशच्या छत्रीवरची नेटची लाईन मात्र आली-गेली. मेल उघडायला जावं तर गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. मी कपाळाला हात लावून बसले, आणि तेव्हा आठवलं... तो राखणदार! लाईन नसली तर तो नोंदी जपून ठेवतो. एकही सोडत नाही.

मी लॉगिनच्या चौकटीपाशी गेले. नावाच्या जागी लिहिलं — थांबा.

मशीन म्हणालं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

मी लिहिलं — पुण्याले जाऊ नका.

नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

— मी खोटी बोलली. — तुमी विचारलं तवा मले रडू येऊन राह्यलं होतं. — समोरासमोर बोलता येत नाई मले. — फोन बंद होता तवा जेवन गेलं नाई.

दरवेळी मशीन मला चूक म्हणायचं आणि दरवेळी मी आणखी खरं लिहायची. त्याचं नाव तेवढं कुठं लिहिलं नाही. संस्थेची नोंद आहे, उगाच माणसाची बदनामी नको. ओळखणारा ओळखेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. पोचतंय की नाही कळायला मार्ग नव्हता, म्हणून लिहीतच राहिले. लालसूभाऊ व्हरांड्यात जाळं विणत बसायचे. एकदा आत डोकावून म्हणाले, "बाई, मशीन तुले आत घेऊन नाई राह्यलं?"

"नाई भाऊ."

"मंग काऊन हसून राह्यली?"

ऊन पडलं, लाईन आली, मग टॉवरही आला. मोबाईल हातात घेऊन मी टेकाडाकडं धावणार, तेवढ्यात गुणवंतराव लंगडत, घाबरेघुबरे होऊन आले. "पोरी, केंद्रात चाल. चंद्रपूरवाल्यानं मोठी चौकशी लावली! आपल्या मशीनमध्ये कोनी घुसाले पाहून राह्यलं म्हनते!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. एवढी चुकलेली लॉगिन एका मशीनवरून आली, तर राखणदार दुसरं काय समजणार?

गुणवंतरावांनी आपल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर रिना मॅडम, नीटनेटक्या, कपाळावर आठी. शेजारी खुर्चीत प्रफुल. खाली बघत होता. दाढी वाढलेली.

"पुराच्या दिवसांत केंद्राला सुट्टी होती," रिना मॅडम म्हणाल्या. "तरी कोणीतरी आत बसून पुन्हा पुन्हा खोटी नावं टाकत होतं. मी त्या मशीनवरून पैसे टाकणं तात्पुरतं बंद केलं आहे. गुणवंतराव, चावी कोणाकडे होती?"

"ला... लालसूकडे मॅडम."

"मग लालसू, तुम्ही सांगा. कोणाला आत घेतलंत? खरं सांगितलं नाही तर मला तुम्हाला आजपासून कामावरून कमी करावं लागेल."

लालसूभाऊ उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, "चावी माझ्यापाशीच होती." आणि गप्प झाले. दोन लेकरांचा बाप माझ्यासाठी गप्प उभा होता!

"मी होती मॅडम," मी म्हटलं. "मी लिहिलं ते."

प्रफुलनं मान वर केली.

"तुम्ही? तुमचा पासवर्ड तर चालू आहे. मग ही नावं कशाला?" त्यांनी कागद उचलला आणि सपाट आवाजात वाचायला लागल्या. "थांबा... पुण्याले जाऊ नका... मी खोटी बोलली..." आवाज मंदावला. "तुमी विचारलं तवा मले..." त्या थांबल्या. कागद खाली ठेवला आणि सावकाश शेजारच्या खुर्चीकडं बघितलं.

प्रफुलचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"तुमी हे पाह्यलं नाई?" मीच विचारलं. कोण ऐकतंय, काय ऐकतंय, सगळं विसरले. "मी तुमच्यासाठी लिहिलं होतं. रोज लिहिलं. तुमी पाहता म्हणून लिहिलं!"

"तो बघत नव्हता," रिना मॅडम म्हणाल्या. "भामरागडच्या नोंदी आता मी बघते. त्यानंच मागून घेतलं तसं. म्हणाला, तिथं काम करणाऱ्या मॅडमना आवडत नाही, मी बघणं बरं नाही."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. जे मी भांडून मागितलं होतं, ते त्यानं न बोलता दिलं होतं. म्हणून माझा एकही शब्द त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. आणि आता पोचला तो असा... चारचौघांत, गुणवंतरावांच्या फोनवर.

"महिना तर संपला," मी कशीबशी म्हणाले. "हो म्हटलं का तुमी पुन्याले?"

त्यानं तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. चाक फिरत राहिलं. टॉवर गेला.

गुणवंतराव फोन उलटसुलट करून बघत म्हणाले, "झोप लागली वाटते याले."

दुसऱ्या दिवशीही टॉवर आला नाही. फक्त केंद्राच्या लाईनवरून मेलनं रिना मॅडमची चार ओळींची समज आली होती, की लॉगिनची चौकट निरोपासाठी नसते आणि पुन्हा असं झालं तर कारवाई होईल. लालसूंविषयी तक्रार नाही. शेवटी एवढंच — प्रफुल कार्यालयात नाही, सकाळीच निघाला आहे. कुठं, ते लिहिलं नव्हतं. पुण्याची गाडीही सकाळीच सुटते, हे मला माहीत होतं.

लालसूभाऊंनी माझं तोंड बघितलं आणि मोटारसायकल काढली. "कुडकेलीच्या नाल्यापर्यंत रस्ता आहे. तिकून कोनी येत असन तर तिथीच अडकन. बस."

नाला अजून फणफणत होता. रपट्यावर कमरेएवढं पाणी. या काठावर दूधवाले, एक नवरदेवासारखा सजलेला मास्तर, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया. त्या काठावर अडकलेली बस आणि उतरलेली माणसं. त्या माणसांत... चौकड्यांचा शर्ट.

त्यानं मला बघितलं. काहीतरी बोलला. पाण्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही.

"काय?" मी ओरडले.

तो पुन्हा बोलला. पुन्हा नाही. शेवटी त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "नाई म्हटलं मी पुन्याले! तू बोलायच्या आधीच! पोस्टानं नाई, फोनवर नाई, तुलेच येऊन सांगाचं होतं!"

दोन्ही काठांवरची डोकी आमच्याकडं वळली. नाल्याच्या काठी कुजबुजता येत नाही. प्रेम असो की भांडण, तिथं सगळं ओरडूनच करावं लागतं.

"मंग मले थांबू का म्हणून काऊन विचारलं?" माझा आवाज फाटला.

"चुकलं! तुले विचारून तुझ्यावरच ओझं टाकलं! आता नाई विचारत! मी थांबून राह्यलो!" तो श्वास घ्यायला थांबला. "अन् दुसरं विचारतो! डिंपल, मले तू आवडते! माह्याशी लगन करशीन का?"

गाठोडंवाल्या एका बाईनं गाठोडं खाली ठेवलं. मास्तर टाचा उंचावून बघू लागला. लालसूभाऊ मोटारसायकलला टेकून आभाळाकडं बघत होते, पण कान इकडंच. त्या काठावर बसचा कंडक्टर, ड्रायव्हर, सगळे माझ्याकडं तोंड करून उभे. आणि मी, जिला समोरासमोर बोलता येत नाही, ती भरल्या नाल्याच्या काठावर, साऱ्या जगासमोर.

मी हात तोंडाशी धरले.

"हाव!"

"काय?" तिकडून एकटा प्रफुल नाही, अख्खी बस ओरडली.

"हाव म्हटलं ना!" मी जीव खाऊन ओरडले, आणि पाणी उतरायची वाट न बघता तो चपला हातात घेऊन रपट्यावर पाय टाकायला निघाला, तसं कंडक्टरनं त्याला मागून कॉलर धरून खाली बसवलं.